पाचवी-आठवीची परीक्षा : नापास नेमके कोण होते?

एप्रिल सरत आला की महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची आणि दुसरी शाळेच्या निकालाची. मधल्या काळात निकालाची धास्ती उरली नव्हती. 'आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही' हे आपल्या घराघरांत इतके रुजले होते की प्रगतिपुस्तकावर सही करताना वडील आतले पान उघडूनही पाहत नसत. आता तसे राहिलेले नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली, आणि तीत नापास झालेले मूल त्याच वर्गात ठेवता येते. आपल्या कित्येक माताभगिनींना हे मूल मागे राहिल्यावरच कळले.

आधी कायदा काय आहे ते समजून घेऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवायला आणि शाळेतून काढायला, दोन्हींना बंदी घातली होती. परीक्षेऐवजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, गुणांच्या जागी श्रेणी आल्या. २०१९ मध्ये संसदेने हे कलम बदलले आणि पाचवी व आठवीला मुलाला मागे ठेवायचे की नाही हे राज्यांवर सोपवले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम केले. त्यानुसार पाचवीला प्रत्येक विषयाला ५० पैकी १८ आणि आठवीला ६० पैकी २१ गुण लागतात. जो नापास होईल त्याला आधी जादा मार्गदर्शन द्यायचे, मग दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची, आणि तीतही तो उतरला नाही तरच त्याला मागे ठेवायचे. मात्र एक गोष्ट बदललेली नाही, ती ठळकपणे लक्षात ठेवावी : आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, मग ते कितीदाही नापास होवो.

कागदावर हे सारे बरे दिसते. पण कागद पुण्या-मुंबईत तयार होतो आणि परीक्षा उमरठ, साखर, कुडपणच्या डोंगरात होते.

आपल्याकडच्या पाचवीचे एक वैशिष्ट्य आहे. बऱ्याच जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल वाडी सोडून मोठ्या गावच्या हायस्कुलात जाते. दहा वर्षांचे पोर सकाळी एस.टी. धरते, नाहीतर डोंगर उतरून चालत जाते. चौथीपर्यंत एकाच गुरुजींच्या हाताखाली, बौद्धवाडीतल्या किंवा शेजारच्या वाडीतल्या आठ-दहा मुलांबरोबर शिकलेले हे पोर एकदम चाळीस-पन्नास जणांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते. घरची बोली एक आणि पुस्तकातली भाषा दुसरी. कातकरीवाडीवरच्या मुलाला तर भाषाच वेगळी. नवी शाळा, नवे शिक्षक, नवे विषय या साऱ्याशी जुळवून घेण्याचे जे वर्ष, नेमके तेच वर्ष आयुष्यातल्या पहिल्या पास-नापासचे ठरवले गेले आहे.

त्यात आपले ऋतू. वर्षाची पहिली पायाभूत चाचणी जुलै-ऑगस्टच्या सुमारास येते. महाड-पोलादपूरला त्या दिवसांत काय चाललेले असते हे सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळीयेवर डोंगर कोसळला. तशी आपत्ती दरवर्षी येत नाही हे खरे. पण सावित्री-गांधारी भरल्या, वहाळाला पाणी चढले, की वाडीवरची मुले चार-चार दिवस शाळेत पोहोचत नाहीत. दुसरीकडे, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा मुलासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येते. पण एप्रिलच्या परीक्षेला ते मूल नेमके कोणत्या पटावर असते, हे गुरुजींनाच ठाऊक! आणि जादा मार्गदर्शन द्यायचे ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे मूल आईबापांबरोबर भट्टीवर असते तेव्हाच.

आता शिक्षकांकडे वळू. आपल्याकडे शिक्षकांना नावे ठेवण्याची सवय फार आहे. काही नावे ठेवण्याजोगे असतीलही. पण पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या दोन शिक्षकी शाळेचे गणित मांडून पाहावे. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. पैकी एकाला निवडणुकीचे काम, नाहीतर केंद्रावरची बैठक. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकाला लावता येतात, आणि ती लावली जातात. राहिला एक शिक्षक. २०२३-२४ पासून भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या वर्षातून तीनदा होतात. एक पायाभूत, दोन संकलित. राज्यभर एकच प्रश्नपत्रिका. तोंडी परीक्षा घ्यायची, लेखी घ्यायची, पेपर तपासायचे आणि मग प्रत्येक मुलाचे गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये भरायचे. रेंज नसेल तर टेकाडावर जाऊन भरायचे. एक गुरुजी आम्हाला म्हणाले, "कोणत्या पोराला वाचता येत नाही हे मला चाचणीआधीच माहीत असतं. चाचणीनं ते वरच्या ऑफिसला कळतं. पण कळल्यावर वरून माणूस येत नाही, पुढची चाचणी येते."

या तक्रारीत तथ्य आहे. तरीही परीक्षाच नको असे आम्ही म्हणणार नाही. मोजले नाही तर आपले दुखणे कुणाला दिसत नाही, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणखर्चावर बोलताना बाबासाहेबांनी आकडाच पुढे ठेवला होता : प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यानंतर आठवडाभरातच, १९ आणि २० मार्चला, ते आपल्या महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी होते, आणि पुढे चवदार तळ्यावर जे घडले ते जगाला ठाऊक आहे. त्या आकड्याचा रोख सरकारच्या तिजोरीकडे होता. ब्याऐंशी मुले नालायक आहेत असे त्यातून कुणी काढले नाही.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे बजावले होते. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा इतकी कठीण करायची की मागासलेल्या वर्गांना दारातच अडवता यावे, यावर त्यांचा आक्षेप होता. त्याही आधी, १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शिष्यवृत्त्यांबद्दल हेच निराळ्या शब्दांत मांडले होते. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे दिसायला न्याय्य असले, तरी ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेच नाही त्यांच्यात त्याने शिक्षण पसरत नाही. आज शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचे ठरले. इयत्ता इकडची तिकडे झाली. जोतीरावांचा मुद्दा आहे तिथेच आहे.

मोजमाप बदलले की मूल कसे बदलल्यासारखे दिसते, याचे उदाहरण दहावीचे आहे. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० वर आला. ते गुण परत दिले आणि २०२० मध्ये तो ९५.३० झाला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही धरावे.) शाळा त्याच, शिक्षक तेच, पोरेही त्याच घरांतली. २०१९ मध्ये ज्या हजारो मुलांच्या कपाळी 'नापास' बसले, त्यांची अक्कल एका वर्षापुरती कमी झाली होती काय?

आणि ढकलत नेण्याचा तोटाही आपण पाहिला आहे. वाचता न येणारे मूल आठवीपर्यंत हसत खेळत आले आणि नववीत आपटले. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायची हौस असलेली एखादी शाळा अशा मुलाच्या बापाला बोलावून घेते आणि सांगते, "याला नववीतच ठेवू, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." बाप एम.आय.डी.सी.त पाळीवर कामाला, त्याला हे बोलणे उपकारासारखे वाटते. फॉर्म भरला जातो, शाळेचा फलक चकचकीत राहतो, मुलगा मुंबईच्या एखाद्या हॉटेलात लागतो आणि मुलीचे स्थळ पाहायला सुरुवात होते. नापास होणे पाचवीत असो वा नववीत, गरिबाच्या घरात त्याचा अर्थ 'पुरे झाले शिक्षण' असाच घेतला जातो. आमचा सगळा आक्षेप आहे तो इथे. खात्यापित्या घरचे मूल नापास झाले की त्याला शिकवणी लागते. आपले झाले की त्याला काम लागते.

शिक्षकांचीही आता परीक्षा आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. वीस-पंचवीस वर्षे डोंगर चढून शिकवलेला माणूस पुन्हा गाईड घेऊन बसणार. त्या धास्तीत कच्च्या मुलाकडे त्याचे किती लक्ष राहील, हा प्रश्न आपल्या मुलांचाही आहे. एक कागद चुकला की आपली सारी मेहनत व्यर्थ, ही भावना आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसली आहे.

घरातून काय करता येईल? दिवाळीआधीच शाळेत जाऊन मुलाची उत्तरपत्रिका पाहायला मागावी. नुसता आकडा ऐकून परतू नये. कशात अडते हे विचारावे : वाचायला येत नाही, की वाचता येते पण लिहिताना गडबडते, की हातच्याची वजाबाकी राहिली आहे? आई निरक्षर असली तरी रोज रात्री मुलाला मोठ्याने एक पान वाचायला लावून ते कुठे अडखळते हे तिला ऐकू येतेच. निकालात नापास आले तर त्याच दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात : जादा मार्गदर्शन कोण, कधी देणार, आणि पुनर्परीक्षा कोणत्या तारखेला? जूनमध्ये मुंबईला किंवा भट्टीवर असाल तर तसे आधीच लेखी कळवावे. ज्या वाडीत विहार आहे, तिथे मे महिन्यात सकाळचे दोन तास अशा मुलांसाठी ठेवले तर गुरुजींचेही अर्धे ओझे उतरेल. दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आपण करतोच, तो खर्च थोडा इकडे वळवावा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या महिलांच्या असतात. दुर्बल आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे असे कायदाच सांगतो. तुमच्या शाळेच्या समितीत बौद्धवाडीतली, आदिवासीवाडीवरची आई आहे काय, आणि असली तर बैठकीचा निरोप तिच्यापर्यंत पोहोचतो की नुसते रजिस्टर सहीसाठी घरी येते, एवढे येत्या बैठकीआधी पाहून घ्यावे.