मानेचे दुखणे आणि सायकलचे माप

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरची पहाट सायकलस्वारांना साद घालणारी असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये येथे ‘सायकल डे’ हा उपक्रम सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी तर उजाडण्यापूर्वीच अनेकजण सुमारे ६० किलोमीटरवरील नंदी हिल्सच्या वाटेला लागतात. मात्र या उत्साहाला कधीकधी एका दुखण्याचे ग्रहण लागते. तासाभरात मान अवघडते, खांदे भरून येतात आणि काही आठवड्यांतच हौसेने घेतलेली सायकल वाहनतळात धूळ खात पडते. दोष वयाला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा तो सायकलच्या मापाचा असतो.

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारणतः साडेचार ते पाच किलो असते. ताठ बसल्यावर हा भार कणा सहज पेलतो. हँडल फार दूर वा फार खाली असेल, तर धड पुढे झुकते आणि रस्ता दिसावा म्हणून डोके सतत वर उचलून धरावे लागते. नंदी हिल्सच्या उतारावर, बोटे ब्रेकवर आणि नजर वळणावर खिळलेली असताना, हा ताण अधिकच जाणवतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केलेली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा. याच स्पर्धेत १९८३ मध्ये मायकेल शर्मर यांच्या मानेला डोके सावरणेही अशक्य झाले. तेव्हापासून या अवस्थेला ‘शर्मर्स नेक’ हे नाव पडले.

उपाय मात्र ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा होऊ नये. दुखते मान, पण तपासणीचा आरंभ सीटपासून करावा. सीटचे टोक खाली झुकलेले असल्यास शरीर पुढे घसरते आणि सारा भार हात व खांद्यांवर येतो. म्हणून सीट प्रथम जमिनीला समांतर करावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्याला किंचित बाक राहील, इतकीच तिची उंची असावी.

त्यानंतर हँडलकडे वळावे. ते थोडे उंच करावे. तरीही हात ताणले जात असतील, तर हँडलला चौकटीशी जोडणारा ‘स्टेम’ एक-दोन सेंटिमीटर आखूड बसवून घ्यावा. अंतर कमी करण्यासाठी सीटच पुढे सरकवण्याचा मोह टाळावा. त्याने गुडघ्यांवरील ताण वाढू शकतो. स्टेमचे काम जाणकार कारागिराकडूनच करून घेणे श्रेयस्कर. सीटच्या दांड्यावरील मर्यादेची खूणही कधी ओलांडू नये.

एका वेळी एकच बदल करावा, तोही थोडाथोडा. मूळ माप लिहून ठेवावे आणि दोन-तीन फेऱ्यांनंतरच पुढचे पाऊल उचलावे. सायकल चालवताना कोपरे किंचित वाकलेली असावीत, खांदे सैल असावेत आणि पाठीवरची जड पिशवी कॅरियरवर जावी. इतके करूनही वेदना टिकली, किंवा हाताला मुंग्या, बधिरपणा वा अशक्तपणा जाणवला, तर विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा.

अंगरखा घट्ट झाला म्हणून कोणी अंग कापत नाही. अंगरखाच उसवून सैल करतो. सायकलच्या बाबतीतही हाच विवेक हवा. तो बाळगला, तर वाहनतळातील सायकल पुन्हा पहाटेच्या वाटेला लागेल.