रविवारची प्रार्थना कोणत्या रकान्यात लिहायची?

परवा एका ज्युनिअरने त्याची प्रश्नावली दाखवली. विषय छान होता: ख्रिस्ती कुटुंबं विरंगुळा, गाठीभेटी आणि भक्ती यांचा मेळ कसा घालतात? पहिलाच प्रश्न होता, ‘मागच्या रविवारी भक्तीला किती वेळ दिलात?’ मी म्हटलं, हा प्रश्न आधी माझ्या बाबांना विचार.

बाबा मार्केट यार्डात एका आडत्याकडे हिशेब लिहितात. तिथल्या फळ-भाजी बाजाराला सुट्टी शनिवारी, आणि रविवारी आवक सगळ्यात जास्त. चर्चमध्ये उपासना सुरू होते तेव्हा बाबा गाळ्यावर असतात. म्हणजे उत्तर जवळजवळ शून्य! पण पहाटे घर सोडण्याआधी आम्ही पाच मिनिटं एकत्र प्रार्थना करतो, आणि शनिवारची घरगुती प्रार्थनासभा ते सहसा चुकवत नाहीत. त्यांची भक्ती कमी नाही, आपण दिवस चुकीचा निवडला.

बरं, ती पाच मिनिटं तरी नोंदली जातील का? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये वेळेच्या वापराचं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण केलं. पहाटे 4 ते दुसऱ्या दिवशी पहाटे 4, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. एका रकान्यात बरीच कामं झाली असतील, तर किमान 10 मिनिटं चाललेली तेवढी नोंदवायची. बाबांची प्रार्थना इथे गळते. यात सर्वेक्षणाची चूक नाही. स्त्री-पुरुषांचं सशुल्क आणि बिनमोबदला काम मोजणं हा त्याचा मुख्य हेतू होता. तुमचा हेतू वेगळा असेल, तर रकानाही वेगळा हवा.

आता वर्गीकरण. संयुक्त राष्ट्रांच्या 2016 च्या यादीत 9 मुख्य विभाग आहेत. विरंगुळा आठव्यात येतो. गाठीभेटी आणि धार्मिक आचरण मात्र एकत्र, सातव्यात! 2019 च्या अहवालात सातव्या विभागासाठी, त्यात भाग घेणाऱ्यांची रोजची सरासरी 143 मिनिटं आहे. हा आकडा ‘भक्तीचा वेळ’ म्हणून प्रबंधात टाकलात तर तोंडी परीक्षेत अडकाल, कारण त्यात शेजाऱ्यांशी मारलेल्या गप्पाही आहेत. खाली तीन अंकी कोडपर्यंत उतरा: 741 म्हणजे खासगी प्रार्थना, 742 म्हणजे सामूहिक.

तरी एक पेच उरतोच. उपासनेनंतर आवारात चहा पीत अर्धा तास जातो, तो कशात धरायचा? 1890 मध्ये पुण्यातल्याच पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला. त्यात लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. त्या चहावरून मोठं ग्रामण्य झालं. पाहुण्यांच्या लेखी तो शिष्टाचार, तक्रारदारांच्या लेखी धर्माचा प्रश्न. कप तोच, कोड दोन. म्हणून कोड आपण परस्पर ठरवण्याआधी माणसालाच विचारायचं, ‘हा वेळ तुम्ही कशात धरता?’

म्हणजे करायचं काय?

– एका दिवसाऐवजी सलग सात दिवसांची रोजनिशी घ्या.
– 10 मिनिटांपेक्षा छोट्या प्रार्थनांसाठी वेगळा प्रश्न ठेवा.
– एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतील तर दोन्ही लिहून घ्या.
– साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, हे सुरुवातीलाच विचारा.

ज्युनिअरने प्रश्नावली बदलली आहे. पायलट आमच्या घरापासून सुरू करतोय, शनिवारी. त्या दिवशी बाबा घरी असतात.