बॉईल फक्त सूत्रापुरता?

शाळा-कॉलेजात बॉईल भेटतो तो एका ओळीत: दाब वाढला की आकारमान कमी. पण हाच माणूस सोनं बनवायच्या किमयेमागेही होता! त्यावर बंदी घालणारा इंग्लंडचा १४०४ चा कायदा १६८९ मध्ये रद्द झाला, त्यासाठी त्याने खटपट केली होती.

हा बॉईल समोर आणणाऱ्यांपैकी एक मायकेल हंटर. त्यांनी सहकाऱ्यांसोबत आधी बॉईलचं लेखन १४ खंडांत आणि पत्रं ६ खंडांत संपादित केली, मगच २००९ मध्ये चरित्र काढलं. (आमच्या भाषेत, आधी सगळे लॉग वाचले!) याच चरित्राला फिलाडेल्फियाचा रॉय नेव्हिल पुरस्कार मिळाला. नेव्हिल स्वतः केमिस्ट, जुनी रसायनशास्त्राची पुस्तकं जमवणारे. त्यांच्या नावाचं हे बक्षीस चरित्रांसोबत ग्रंथसूचींसाठीही सुरू झालं.