पाचशे अंशांवरचा प्रोटॉन

मे महिन्यात ब्रह्मपुरीचं नाव बातम्यांत येतं ते उन्हामुळे. पारा 46-47 अंशांवर गेला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करतात, "कसे राहता तुम्ही तिथं?" रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मला मात्र याच उन्हात एक गणित घालायला आवडतं. गणित झिओलाइटमधल्या प्रोटॉनचं.

झिओलाइट महाराष्ट्राच्या ओळखीचा दगड आहे. ब्रह्मपुरीचा खडक वेगळा, पण पश्चिमेकडे दख्खनच्या काळ्या पत्थरातल्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट यांचे देखणे स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते मांडून ठेवले आहेत. वर्गात मी स्टिलबाइटचा एक फिका गुलाबी तुकडा कोरड्या परीक्षानळीत टाकून दिव्यावर धरतो. थोड्या वेळानं नळीच्या वरच्या, थंड भागात बारीक थेंब जमतात आणि तुकडा पांढुरका पडतो. दगडातून पाणी निघालं म्हणताच मागच्या बाकावरची मुलंही पुढं येतात. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी तापवलेल्या स्टिलबाइटचं असंच उकळणं पाहून 'उकळणारा दगड' या अर्थाचं ग्रीक नाव दिलं.

कारखान्यात वापरतात तो झिओलाइट बहुधा कृत्रिमरीत्या घडवलेला असतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जाळी, तिच्यात रेणू जेमतेम शिरेल एवढ्या बोळी. जाळीत एखाद्या सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की तिथं एक ऋणभार उरतो आणि तो फेडायला एक प्रोटॉन येतो. हाच झिओलाइटचा आम्लपणा. पेट्रोल तयार करताना जड तेलाचे लांबलचक रेणू तोडायचं काम असेच प्रोटॉन करतात, तेही 500 अंशांच्या वरच्या तापमानात.

असे झिओलाइट घडवण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा (एनसीएल) वाटा मोठा आहे. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एन्सिलाइट' नावाचे झिओलाइट उत्प्रेरक घडवले. एनसीएल ही अक्षरं त्या नावातच आहेत. झायलीनच्या रेणूंची मांडणी बदलण्यासाठी हा उत्प्रेरक बडोद्याच्या आयपीसीएलच्या कारखान्यात चालला. पुढे 'अल्बीन' प्रक्रियेत बेंझीन आणि थेट अल्कोहोल यांच्यापासून इथाइलबेंझीन तयार झालं. परदेशातून उत्प्रेरक विकत घेण्याच्या काळात देशातल्या प्रयोगशाळेनं हे करून दाखवलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता तो प्रोटॉन. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत तो एका ऑक्सिजनला कायमचा चिकटलेला दिसतो. खरं तर ॲल्युमिनियमभोवती चार ऑक्सिजन असतात आणि प्रोटॉन त्यांच्यात उड्या मारत असतो. उडीसाठी उंबरा ओलांडावा लागतो. झिओलाइटच्या जातीप्रमाणे तो बदलतो. सोयीसाठी मोलमागे 60 किलोज्यूल धरू. अशा ढोबळ हिशेबानं 27 अंशांना प्रोटॉन सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास उड्या मारतो. आमच्या 47 अंशांना हाच आकडा सोळाशेवर जातो. वीस अंशांत साडेचारपट! आणि 500 अंशांना? सेकंदाला सुमारे 88 कोटी. म्हणजे तापलेल्या भट्टीत 'प्रोटॉन कुठल्या ऑक्सिजनवर आहे' या प्रश्नालाच फारसा अर्थ उरत नाही. चुंबकीय अनुनादाच्या वर्णपटात तापमान वाढवत नेलं की रेषांचं रूप बदलतं, त्यावरून या उड्या मोजता येतात.

एका ॲल्युमिनियमच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जाणं मात्र अवघड. तो उंबरा जास्त उंच. इथं मला आमच्या धानाच्या बांध्या आठवतात. रोवण्याच्या दिवसांत एका बांधीतलं पाणी दुसरीत जातं ते धुऱ्याला पाडलेल्या वाटेनं. झिओलाइटमध्ये ही वाट पाण्याचा एखादा रेणूच करून देतो: प्रोटॉन उचलतो, पलीकडच्या ऑक्सिजनवर ठेवतो. अमोनियाही हे काम करतो. म्हणूनच मोजमापाआधी नमुना कसोशीनं वाळवावा लागतो. किंचित ओल राहिली तरी प्रोटॉन खोट्या वेगानं धावताना दिसतो. अल्बीनसारख्या प्रक्रियेत तर अल्कोहोलमधून पाणी सुटतंच, त्यामुळे वाहक आपोआप हजर.

पण पाण्याचं हे उपकारक रूप फार ताणू नये. तापलेली वाफ दीर्घकाळ लागत राहिली की ॲल्युमिनियम जाळीतून निसटतो आणि त्याच्याबरोबर आम्लाची जागाही जाते. कोरडा झिओलाइट फारच तापवला तर प्रोटॉनच्या दोन जागा मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात. मग तिथं प्रोटॉन देणारं कुणी उरत नाही. भटकणारा प्रोटॉन तापमानामुळे कामाला लागतो आणि तापमानामुळेच घर गमावतो. उत्प्रेरक किती वर्षं चालणार, हे बरंचसं यावर ठरतं.

वर्गात झिओलाइट शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. फळ्यावर ॲल्युमिनियम काढलात की हायड्रोजन एकाच ऑक्सिजनवर लिहून थांबू नका. बाकीच्या तिन्ही ऑक्सिजनकडे जाणारे तुटक बाणही काढा.