यंत्राच्या पोटात, भाग ७ : सहा टोकांची ओळख

तीन फेजच्या मोटरीत चुंबकीय क्षेत्र कसं फिरतं, हे मागच्या भागात आलं. ते क्षेत्र तयार करणाऱ्या तीन वाइंडिंगची सहा टोकं टर्मिनल बॉक्समध्ये येतात. मोटर चालेल की जळेल, हे पुष्कळदा त्यांच्या जोडणीवर ठरतं. रिवाइंड होऊन आलेल्या मोटरीत मात्र अनेकदा सहा वायरी नुसत्याच बाहेर काढलेल्या असतात, एकीवरही खूण नसते.

खुणा असतील तर काम सोपं. यू१, व्ही१, डब्ल्यू१ ही सुरुवातीची टोकं. यू२, व्ही२, डब्ल्यू२ ही शेवटची. जुन्या मोटरींवर ए१-ए२, बी१-बी२, सी१-सी२ असंही सापडतं. बॉक्समध्ये एका ओळीत सुरुवातीची तीन टोकं असतात आणि समोरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२, म्हणजे एकेक घर सरकवलेली. हे सरकवणं मुद्दाम केलेलं आहे. पितळी पत्त्या उभ्या बसवल्या की एका वाइंडिंगची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाला मिळते आणि डेल्टा तयार होतो. त्याच पत्त्या दुसऱ्या ओळीवर आडव्या टाकल्या की तिन्ही शेवट एकत्र येऊन स्टार होतो.

या दोन जोडण्यांत फरक आहे तो दाबाचा. आपल्याकडे दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात. डेल्टामध्ये प्रत्येक वाइंडिंगवर ते पूर्ण पडतात, स्टारमध्ये त्याला १.७३ ने भागून साधारण २४०. युरोपातून आलेल्या छोट्या मोटरीच्या नेमप्लेटवर त्रिकोणापुढे २३० आणि वाय अक्षरापुढे ४०० लिहिलेलं असतं. तिचं वाइंडिंग २३० व्होल्टचं आहे, म्हणून ती इथे स्टारमध्येच जोडायची. डेल्टात जोडली तर लोखंडी गाभ्यात चुंबकत्व मावेनासं होतं, करंट भरमसाट वाढतो आणि थोड्याच वेळात इन्सुलेशन जळल्याचा वास येतो. उलट चूकही महागच पडते. डेल्टाची मोटर स्टारमध्ये चालवली तर तिचा जोर एक तृतीयांशावर येतो. पंपाचा भार तसाच राहिला तर ती मंदावते, तापते आणि हळूहळू जळते. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटरीला सुरुवातीचे काही सेकंदच स्टारमध्ये ठेवतो, तो एवढ्यासाठीच.

खुणा नसतील तेव्हा आधी मेन स्विच बंद करून पुरवठा खरोखर तुटला आहे ना, ते तपासायचं आणि मग सगळ्या पत्त्या काढायच्या. पत्त्या तशाच ठेवल्या तर मीटर प्रत्येक टोक प्रत्येकाशी जोडलेलं दाखवतो. त्या काढल्यावर ओहमच्या मापावर सहा टोकांमधून तीन जोड्या निघतात. तिन्हींचा रोध जवळपास सारखा यायला हवा. एकीचा ठळकपणे वेगळा आला तर दोष आतच आहे.

जोड्या मिळाल्या तरी कोणतं टोक सुरुवातीचं, हे कळत नाही. तीनपैकी एक वाइंडिंग उलटं जोडलं गेलं तर मोटर घुमते, वेग धरत नाही आणि फेजांमधला करंट असमान वाढतो. याला जुनी, भरवशाची युक्ती आहे. एका जोडीचं एक टोक यू१ मानून त्याला बॅटरीचं धन टोक लावायचं आणि यू२ ला ऋण टोक क्षणभर टेकवायचं. दुसऱ्या जोडीवर काट्याचा डीसी मिलिव्होल्टमीटर लावून काट्याचा झटका पाहायचा. बॅटरी जोडताना काटा पुढे गेला तर मीटरचं धन टोक ज्या वायरीवर आहे ती शेवटची.

इथेच पुष्कळ जण फसतात. ट्रान्सफॉर्मरवरच्या सवयीने ते त्या वायरीला सुरुवात समजतात. मोटरीत वाइंडिंग एकमेकांपासून १२० विद्युत अंशांवर असतात, त्यामुळे त्यांच्यातला परिणाम उलट्या दिशेचा असतो. म्हणून तिसऱ्या जोडीचीही चाचणी घ्यावी आणि शेवटी दुसरी-तिसरी जोडी आपसात तपासावी. नियम उलटा धरला असेल तर ही शेवटची चाचणी आधीच्या दोन्हींशी विसंगत येते आणि चूक पुरवठा देण्याआधीच सापडते.

बाहेर तीनच वायरी आल्या असतील तर? अनेक सबमर्सिबल मोटरी अशा असतात. कोणत्याही दोन वायरींमधला रोध सारखाच येतो, मग आत स्टार असो की डेल्टा. साधा मीटर इथे हतबल आहे. नेमप्लेट किंवा उत्पादकाचा तक्ताच खरं सांगतो. तेही नसेल तर वाइंडर मोटर उघडून कॉइलच्या टोकांवरची दोरी सोडतो. तीन शेवट एकाच स्लीव्हखाली मिळाले असतील तर स्टार. तीन निरनिराळ्या ठिकाणी प्रत्येकी दोन वाइंडिंगची टोकं आणि एक बाहेरची वायर जोडलेली असेल तर डेल्टा. जळालेली कॉइल कापण्याआधी चांगला कारागीर ही जोडणी, वेढ्यांची संख्या आणि तारेचा गेज वहीत उतरवून घेतो. मोटर परत नेताना ग्राहकाने त्या नोंदीची नक्कल हक्काने मागून घ्यावी.