‘लग्न झालेलं नाही’ हे सिद्ध कसं करायचं?

परदेशात लग्न करायचं म्हटलं की बहुतेक देश तीन कागद मागतात: पासपोर्ट, जन्माचा दाखला आणि अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र. पहिले दोन कागद काय ‘आहे’ ते सांगतात. तिसरा काय ‘नाही’ ते सांगतो. खरी अडचण या तिसऱ्यात आहे.

‘नाही’ हे कळतं कसं? कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो नाही. पण याला एक अट आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही.

आता हीच अट विवाहाच्या नोंदवहीला लावून बघा. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितली. तरीही आपल्याकडं मांडवात लागलेलं प्रत्येक लग्न वहीत जातं का? नाही ना? म्हणजे खोली अंधारीच. वहीत नाव नाही, एवढ्यावरून लग्न झालेलं नाही हे ठरत नाही.

म्हणून कायदा दोन गोष्टींचा आधार घेतो. पहिली, शपथ. आपण प्रतिज्ञापत्र करतो, राज्य सरकारचं खातं ते प्रमाणित करतं, मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपोस्टिल लावतं. ही पद्धत १९६१ च्या हेग कराराची. भारत त्यात २००५ मध्ये आला. करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. पण ध्यानात घ्या, अपोस्टिल म्हणजे सही-शिक्का खरा, एवढंच. मजकूर खरा असल्याची हमी त्यात नसते.

दुसरी गोष्ट, जाहीर नोटीस. वधू-वरांपैकी एक जण जरी भारतीय नागरिक असला, तरी १९६९ च्या विदेशी विवाह अधिनियमाखाली तिथल्या भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येतं. नोटिशीआधी दोघांपैकी एकाचा तिथं सलग ३० दिवस मुक्काम हवा. नोटीस तिथंही लागते आणि भारतातही प्रसिद्ध होते. हरकतीला ३० दिवस मिळतात. लग्नाला तीन साक्षीदार लागतात, आणि नोटिशीपासून सहा महिन्यांत लग्न व्हावं लागतं. नोटीस म्हणजे अंधाऱ्या खोलीत लावलेला दिवा. कुणाला काही ठाऊक असेल तर त्यानं आत्ताच बोलावं.

आता ‘आहे’वाल्या कागदांकडं वळू. तेही आपल्या जिल्ह्यात सरळ नाहीत. ऊसतोडीच्या टोळीवर जन्मलेल्या लेकराची नोंद जन्म झाला त्या गावी व्हायला हवी. बीडमध्ये शोधून ती सापडणार नाही. शाळेत गुरुजींनी १ जून लिहिलेला असतो. दाखल्यावर एक तारीख आणि पासपोर्टवर दुसरी असली, की परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी त्या दोन व्यक्ती होतात. हे तिकीट काढण्याआधी दुरुस्त करा. आधीचं लग्न मोडलं असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला जवळ ठेवा.

शेवटचं, मुलींच्या आईवडिलांसाठी. मुलगा परदेशात राहत असेल, तर हाच ‘नाही’चा कागद त्याच्याकडूनही मागा, तोही तिथल्या सरकारी कार्यालयाचा. हुंड्याची बोलणी करताना आपल्याला लाज वाटत नाही. मग हा कागद मागताना कशाला वाटावी?