पासबुकातल्या ओळीचा अर्थ घरात कळला पाहिजे

जुन्नर-आंबेगावातल्या आपल्या घरांत पैसा एकाच दाराने येत नाही. कोणी साखर कारखान्यात कामाला आहे, कोणी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या बाजार समितीत हमाली करतो, म्हाताऱ्या आईला श्रावणबाळची पेन्शन आहे, मुलीची शिष्यवृत्ती यायची आहे. हा सगळा पैसा शेवटी बँकेत येतो. पण प्रत्येक कचेरी त्याला आपापल्या नावाने हाक मारते. कारखान्याच्या वहीत जो 'पगार', तो पासबुकात 'एनईएफटी' होतो. तहसील कचेरीच्या यादीत जी 'पेन्शन', ती पासबुकात 'एपीबीएस' अशा आद्याक्षरांनी उतरते. घरच्यांना आकडा दिसतो, अर्थ दिसत नाही. अर्थ न कळल्यामुळेच हक्काचा पैसा बुडतो.

वाणिज्य शाखेत आम्हाला खतावणी शिकवत. रोजकीर्दीतली प्रत्येक रक्कम योग्य खात्यावर चढवायची. आज हेच काम संगणक करतो. मोठ्या कंपन्यांचे अंदाजपत्रक एका संगणक प्रणालीत असते, हिशेब दुसऱ्या. दोन्हीकडे खात्यांची नावे वेगळी. म्हणून 'तिकडचे हे नाव म्हणजे इकडचे ते नाव' असा एक तक्ता आधी करावा लागतो. त्याला मॅपिंग म्हणतात. आपण साधा शब्द वापरू, जुळणी. तक्ता चुकला तरी संगणक तक्रार करीत नाही. तो रक्कम भलत्याच खात्यावर टाकतो, नाहीतर 'इतर' मध्ये ढकलून मोकळा होतो. जुळणी माणसानेच नीट करावी लागते.

आता आपल्या घरातली जुळणी पाहू.

पहिली गोष्ट विम्याची. मे-जूनच्या सुमारास तुमच्या खात्यातून 436 रुपये किंवा 20 रुपये कापले गेलेले दिसतात का? अनेकांना वाटते, बँकेने काहीतरी दंड लावला. 436 रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता असतो आणि 20 रुपये सुरक्षा विम्याचा. हे दर 1 जून 2022 पासूनचे आहेत. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर वारसाला 2 लाख रुपये, दुसऱ्यात अपघाती मृत्यू आला तर 2 लाख. कर्ता माणूस गेल्यावर घरच्यांना त्या ओळीचा अर्थच ठाऊक नसेल, तर दावा कोण करणार? ज्या घरात चूल कशी पेटेल याची चिंता आहे, त्या घराचे 2 लाख रुपये एका न वाचलेल्या ओळीत अडकून पडतात. आणखी एक. दोन बँकांतून एकच विमा घेतला तर दोनदा रक्कम मिळत नाही, जादाचा हप्ता वाया जातो. आणि हप्त्याच्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो.

दुसरी गोष्ट आधारची. अनुदानाचा पैसा पुष्कळदा खाते क्रमांकावर नव्हे, आधार क्रमांकावर पाठवला जातो. हा आधार कोणत्या बँकेचा, याची जुळणी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या तक्त्यात असते. त्या तक्त्याचे नावच 'मॅपर'. तिथे एका आधारसमोर एकच बँक असते, शेवटी जोडलेली. म्हणजे आपल्या बहिणीने जुन्या बँकेत अर्ज भरला, मग दुसरीकडे नवे खाते काढताना आधार जोडायला संमती दिली, की पैसा नव्या खात्यात जाणार. ती मात्र जुनेच पासबुक छापून आणते आणि 'आपले पैसे आलेच नाहीत' म्हणून रडते. 2024 साली लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा असा गोंधळ ठिकठिकाणी झाला. खात्याला आधारची झेरॉक्स देणे वेगळे आणि अनुदानासाठी आधार जोडणे वेगळे, हे ध्यानात ठेवा. आपला आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे, ते आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते.

तिसरी गोष्ट बँकांच्या विलीनीकरणाची. 1 एप्रिल 2019 रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. 1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. सिंडिकेट बँक कॅनरात गेली, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत. त्याबरोबर शाखांचे आयएफएससी बदलले. हा अकरा अक्षर-अंकांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, मग शून्य, शेवटची सहा शाखेची. जुन्या अर्जावर जुनाच कोड राहिला असेल तर तो बदलून घ्या.

चौथी गोष्ट नावाची. लग्नानंतर आपल्या मुलीचे वडिलांचे नाव जाते, आडनाव जाते. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. संगणक माणूस ओळखत नाही, अक्षरे जुळवतो. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखांतही दात्याच्या नावाबरोबर बापाचे नाव किंवा गाव कोरलेले आढळते. नोंद पक्की हवी, ही गरज जुनीच आहे.

कामगार बंधूंनी भविष्य निर्वाह निधीही तपासावा. मालक बदलला की सभासद क्रमांक बदलतो. पण 2014 पासून बारा अंकी यूएएन एकच राहतो. जुने सगळे क्रमांक त्याच्याखाली जोडले आहेत ना, वारसाची नोंद केली आहे ना, हे पाहून घ्या.

उपाय खर्चिक नाही. शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, पासबुकातले शब्द, त्याचा खरा अर्थ, घरखर्चाचे कलम. महिन्यातून एकदा पासबुक छापून आणा. अर्थ न लागलेल्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाका आणि बँकेत जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. शिकलेल्या मुला-मुलींनी रविवारी विहारात बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची पासबुके वाचून द्यावीत. मात्र ओटीपी आणि पिन कोणी मागू नये, कोणी देऊ नये. वहीच्या पहिल्या पानावर विमा, निधी आणि वारसांची नावे लिहा, आणि ती वही कुठे ठेवली आहे हे घरातल्या बाईमाणसाला सांगून ठेवा. पुढे कागदपत्रे घेऊन तिलाच कचेऱ्या गाठाव्या लागतात.